मोटारहोमची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? सही करायच्या आधी हे तपासा

आमच्याकडे मोटारहोम आहे म्हटलं की यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या पांढरकवड्याच्या बाजारातही लोकं थांबून विचारतात, पण आमची गरज साधी होती. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, बसची पायरी चढता येत नाही, दर दोन तासांनी बाथरूम लागते, आणि तिला शेगाव, माहूर, पंढरपूर सगळं करायचं होतं. म्हणून डिझेलची मोठी व्हॅन घेतली आणि बॉडी बिल्डरकडून आत घर बांधून घेतलं. दोन बेड, ओटा, बाथरूम, छतावर सोलर आणि एसी.

डिलिव्हरीच्या दिवशी पेढे वाटून झाले, हार घालून झाला, आई खुर्चीवर बसून वाट पाहून राहिली, आणि तेवढ्यात शोरूमच्या पोराने एक कागद पुढे केला, कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यावरची वाढीव वॉरंटी पैसे भरून घ्यायचा. "भाऊ, एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका, पाच वर्ष टेन्शन नाही." मी न वाचता सही केली. पुढे त्या कागदाचा एक अर्थ नागपूरच्या वर्कशॉपमध्ये कळला आणि दुसरा भर उन्हाळ्यात रस्त्यावर. आता गाडी पाचव्या वर्षात आहे. या भागात मोटारहोम किंवा कॅम्पर व्हॅन घेणारे दोन-चार जण दर महिन्याला मला हेच विचारतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

१. आधी कागदावर गाडीचे चार भाग करा

मोटारहोम दिसते एक गाडी, पण वॉरंटीच्या हिशोबाने तिच्यात चार वेगवेगळ्या वस्तू असतात. एक म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल, चेसिस, याची वॉरंटी गाडी कंपनीची. दुसरं आतलं घर, म्हणजे छत, खिडक्या, फर्निचर, पाण्याचे पाइप, घराचं वायरिंग, हे बॉडी बिल्डरचं. तिसरं एसी, फ्रिज, पाण्याचा पंप, इन्व्हर्टर, यांच्या प्रत्येकाच्या कंपन्या वेगळ्या. आणि चौथं बॅटऱ्या, सोलर पॅनल, टायर, यांचे नियम आणखी निराळे.

शोरूममध्ये जी एक्स्टेंडेड वॉरंटी विकतात ती बहुतेक वेळा फक्त पहिल्या भागाची असते. हे कोणी तोंडाने सांगत नाही, कारण "गाडीची वॉरंटी" म्हटलं की आपण अख्खी गाडी समजतो.

माझं काय झालं ते सांगतो. मे महिना, बाहेर ४५ च्या वर, कारंजाच्या पुढे एसीचा कॉम्प्रेसर बंद पडला. आई मागच्या बेडवर, खिडक्या उघडल्या तर गरम वारा, बंद केल्या तर भट्टी. शोरूमला फोन लावला, ते म्हणाले आमची वॉरंटी इंजिनची, छतावरचा एसी आम्ही बसवला नाही. बॉडी बिल्डर म्हणाला मी फक्त फिटिंग केली, एसी कंपनीला सांगा. एसी कंपनीच्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला, मशीन घरात आहे का गाडीत? गाडीत म्हटल्यावर त्याने सांगितलं की हे घरगुती वापराचं मशीन आहे, गाडीत लावलं की वॉरंटी संपली. तीन दारं वाजवली, तिन्हीकडून परत आलो, आणि तिघांच्याही कागदात त्यांचं म्हणणं लिहिलेलं होतं.

म्हणून एसी, फ्रिज घेतानाच बिल्डरला विचारा की हे मशीन गाडीसाठी बनलेलं आहे की घरासाठी, आणि वाहनात वापरलं तर वॉरंटी राहते का ते त्याच्या बिलावर लिहून घ्या. बिल्डर "राहते ना भाऊ" म्हणेल, पण लिहून देताना त्याचा हात थांबला की समजून जा.

२. वॉरंटी नेमकी कोण देऊन राहिलं ते बघा

कागदाच्या वर मोठा लोगो गाडी कंपनीचा असतो, पण खाली बारीक अक्षरात जबाबदारी घेणाऱ्याचं नाव असते आणि ते कधी कधी वेगळंच निघते. तीन प्रकार असतात. गाडी कंपनीची स्वतःची, डीलरने आपल्या पातळीवर काढलेली, आणि तिसऱ्याच कंपनीची. कंपनीची असेल तर देशभरात तिच्या कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालायला पाहिजे. डीलरची असेल तर त्याच्याच दारात जावं लागते, आणि डीलरशिप बंद पडली तर कोणाला धरणार? मोटारहोम घेऊन आपण पंढरपूर, गणपतीपुळे, तिकडे हैदराबादपर्यंत जातो, त्यामुळे बाहेरगावी चालते का हा प्रश्न साध्या कारपेक्षा आपल्याला जास्त महत्त्वाचा आहे.

आणखी एक गोष्ट, वॉरंटी म्हणजे इन्शुरन्स नाही. अपघात, चोरी, आग, पुराचं पाणी हे इन्शुरन्सचं काम. आपोआप बिघडलेला पार्ट हे वॉरंटीचं काम. या दोघांच्या मध्ये जे पडते तिथे आपला खिसा मोकळा होतो.

३. "काय मिळणार नाही" ते पान पहिले वाचा

शोरूममध्ये रंगीत पत्रक देतात, त्यावर विसावायचं नाही. "पूर्ण अटी-शर्तींचं पुस्तक द्या, घरी नेऊन वाचतो" म्हणा. देत नसेल तर सही नाही, एवढं सोपं ठेवा. पुस्तकातलं वगळलेल्या गोष्टींचं पान उघडा. साधारण हे सापडेल: क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, बेल्ट, होज पाइप, रबराचे भाग, बल्ब, वायपर, सीटचं कापड, रंग, गंज. म्हणजे आपल्या रस्त्यावर जे खरंच झिजते ते बाहेर.

मोटारहोमवाल्यांनी तीन गोष्टी बोट ठेवून वाचायच्या.

पहिली, बदल केलेली गाडी. बिल्डर घराची बॅटरी चार्ज करायला गाडीच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनवर चालून वीज बनवणाऱ्या पार्टवरून, वायर काढतो. जर त्याने कंपनीचं वायरिंग कापून जोड मारला असेल तर पुढे अल्टरनेटरपासून इसीयूपर्यंत (इंजिनचा कॉम्प्युटर) कशाचाही क्लेम गेला की ते जोड दाखवून नाही म्हणतात. त्यामुळे काम सुरू व्हायच्या आधी डीलरकडून ईमेलवर घ्या की अशी अशी जोडणी केली तर वॉरंटी राहील का. आमच्या बिल्डरने वेगळा डीसी चार्जर लावून, फ्यूज टाकून, कंपनीच्या वायरला हात न लावता काम केलं होतं, आणि वायरिंगचा नकाशा काढून दिला होता. त्या एका कागदाने माझा स्टार्टर मोटरचा क्लेम वाचला. वर्कशॉपचा सुपरवायझर पंधरा मिनिटं टॉर्च घेऊन वायर शोधत होता, मी नकाशा पुढे ठेवला तेव्हा तो गप्प झाला.

दुसरी, पाणी. छतातून गळती हा मोटारहोमचा सगळ्यात मोठा रोग आहे. सोलर आणि एसीसाठी छताला भोकं पाडलेली असतात, त्यावरचं सिलंट, म्हणजे फट बुजवायचा मसाला, आपल्या उन्हात तडकते आणि जुलैत प्लायवूड फुगायला लागते. पाणी आत गेल्याने झालेलं नुकसान बहुतेक कागदात बाहेर असते. याला वॉरंटी हा उपायच नाही, दर मे महिन्याच्या शेवटी छतावर चढून सिलंट बघायचं हा उपाय आहे.

तिसरी, उंदीर. शहरातल्या लोकांना हे कळत नाही, पण आपल्याकडे गाडी दोन-दोन महिने वाड्यात उभी असते आणि बाजूच्याच खोलीत कापूस भरलेला असतो. दिवाळीनंतर बोनट उघडलं तर इंजिनवर कापसाचं घरटं, त्यात सहा पिल्लं, आणि सेन्सरच्या चार वायरी कुरतडलेल्या. वॉरंटीने सरळ नाही म्हटलं, इन्शुरन्सवाल्याने पॉलिसीचं कलम दाखवून नाही म्हटलं. तुमच्या पॉलिसीत उंदराचं काय लिहिलं ते आजच बघा. मी आता गाडी कापसाच्या खोलीपासून लांब, टिनाच्या शेडमध्ये उभी करतो आणि आठवड्यातून एकदा बोनट उघडून पाहतो.

४. किलोमीटर नाही, तारीख मारते

सगळ्या वॉरंटीत लिहिलेलं असते, इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी होईल ते. सर्व्हिसचंही तसंच. कारवाल्याचे किलोमीटर आधी भरतात, आपली तारीख आधी भरते. माझी गाडी वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालते. आपण म्हणतो दहा हजार कुठे झाले अजून, सर्व्हिस कशाला, आणि तिकडे एक वर्ष उलटून गेलेलं असते. माझ्या जावयाच्या गाडीचा टर्बोचा क्लेम याच कारणाने गेला, सर्व्हिस दोन महिने उशिरा झाली होती. बिल भरायला त्याला सोयाबीन विकेपर्यंत थांबावं लागलं, तोवर गाडी वर्कशॉपमध्ये उभी. सर्व्हिसची तारीख मोबाइलमध्ये महिनाभर आधीची टाकून ठेवा आणि पेरणी, वेचणी काहीही असो, ती चुकवू नका.

याचीच दुसरी बाजू अशी की तुम्हाला १ लाख किलोमीटरचा प्लॅन विकला जातो आणि तुम्ही पाच वर्षांत तीस हजारही चालवत नाही. पैसे मात्र लाख किलोमीटरचे भरता.

अजून एक विचारा, पाच वर्षं म्हणजे नेमकी कधीपासून? कंपनीची ३ वर्षं तर गाडीसोबत फुकटच आहेत. तुम्ही पैसे भरता ते वरच्या २ वर्षांचे, आणि भरता आज.

५. वर्कशॉप किती लांब, आणि गाडी आत शिरते का

कोणी सांगत नाही अशी ही पायरी आहे. पांढरकवड्याहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. गाडी रस्त्यात बंद पडली तर तिथपर्यंत टोइंगचे पैसे कोण देणार, किती किलोमीटरपर्यंत, आणि मोटारहोमच्या वजनाची क्रेन येते का, हे कागदात शोधा. सापडलं नाही तर मिळणार नाही असं धरून चला.

मग एक दिवस काढून वर्कशॉपमध्ये स्वतः जा आणि टेप लावून दाराची उंची मोजा. छतावरचा एसी धरून माझी गाडी शेडच्या दारापेक्षा चार बोटं उंच निघाली, तर सगळं काम बाहेर उन्हात झालं आणि दोन दिवसांच्या कामाला नऊ दिवस लागले. लिफ्टची क्षमताही विचारा. वर्कशॉपवाला म्हणाला "अशी गाडी आम्ही घेत नाही" तर ती वॉरंटी फुकट दिली तरी उपयोगाची नाही.

६. कापसाच्या जिनिंगच्या काट्यावर गाडी तोला

गाडीच्या आरसीवर एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते. वजन त्याच्यावर गेलं तर स्प्रिंग, अॅक्सल, बेअरिंग, ब्रेक यांचा क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण मिळते. १०० लिटर पाण्याची टाकी म्हणजे सरळ १०० किलो. त्यावर बॅटऱ्या, प्लायवूड, सिलिंडर, आणि आईचं पापड-लोणच्याचं सामान.

बिल्डरकडून डिलिव्हरी घेतली की लगेच, पाण्याची आणि डिझेलची टाकी फुल करून, घरची सगळी माणसं बसवून जवळच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर जा. आधी अख्खी गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. पावती सांभाळा. मागच्या अॅक्सलवर जास्त वजन निघालं तर बिल्डरकडून बॅटऱ्या पुढे सरकवून घ्या. हे तेव्हाच होते, पैसे पूर्ण दिल्यावर तो फोन उचलत नाही.

७. आता पैशाचा हिशोब

समजा प्लॅन ४५,००० चा सांगितला. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३,१००. ही रक्कम आज जाते आणि संरक्षण सुरू होते तीन वर्षांनी. तेच पैसे सात टक्क्याने बँकेत ठेवले तर तीन वर्षांत ६५,००० च्या आसपास होतात. म्हणजे वरच्या दोन वर्षांसाठी तुम्ही खरं तर ६५ हजार मोजले. गाडीच्या लोनमध्येच ती रक्कम टाकली असेल तर वर व्याजही तुम्हीच भरता, म्हणून लोनचा कागद ओळ-ओळ वाचा, न विचारता टाकलेली असू शकते.

आता दुसऱ्या बाजूला पान घ्या. वर्कशॉपच्या पार्ट काउंटरवर जाऊन टर्बो, इंजेक्टरचा सेट, इसीयू, स्टार्टर, अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर, गिअरबॉक्सचं काम, प्रत्येकाचा भाव मजुरीसकट लिहून आणा. मग त्यांच्या मेकॅनिकला चहा पाजा आणि विचारा, या मॉडेलमध्ये चौथ्या-पाचव्या वर्षी काय जास्त जाते. सेल्समनला विचारू नका, मेकॅनिकलाच विचारा. तो ज्या दोन-तीन पार्टची नावं घेईल ते वॉरंटीच्या यादीत आहेत का बघा. असतील आणि त्यातला एकच पार्ट ६५ हजारांच्या वर जात असेल तर प्लॅनमध्ये दम आहे.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) डिझेल गाडीत महागाचं सामान म्हणजे इंजेक्टर, सेन्सर आणि धूर गाळायचा फिल्टर. पण इथेही खराब डिझेल किंवा धूर स्वच्छ करायला लागते ते युरिया द्रव भेसळीचं टाकल्याने बिघाड झाला असं वर्कशॉपने लिहिलं की क्लेम गेला. ड्रममधलं डिझेल टाकू नका, पंपाची बिलं ठेवा.

आणि घाई करू नका. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपायच्या आधी कधीही एक्स्टेंडेड देतात, फक्त उशीर होईल तसा भाव थोडा वाढतो. "आजच घेतली तरच मिळते" हे वाक्य ऐकलं की आठ दिवसांनी परत या.

८. भाड्याने द्यायचा विचार असेल तर

ताडोबा, टिपेश्वर, चिखलदऱ्याच्या पर्यटकांना मोटारहोम भाड्याने द्यायचा विचार आपल्याकडे बरेच पोट्टे करून राहिले, चांगलं आहे. पण खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने दिली की वॉरंटी आणि इन्शुरन्स दोन्ही अडकतात, शिवाय आरटीओचा दंड वेगळा. व्यावसायिक वापराला वॉरंटीचा काळ बहुतेक कमी असतो. आधी नोंदणी ठरवा, मग वॉरंटीचं बोला.

९. ही फाइल पहिल्या दिवसापासून बनवा

गाडीचं बिल, आरसी, इन्शुरन्स. वॉरंटीचं पूर्ण पुस्तक, फक्त कार्ड नाही. प्रत्येक सर्व्हिसचं जॉब कार्ड आणि बिल, तारीख आणि किलोमीटर टाकलेलं. बिल्डरचं बिल, प्रत्येक वस्तू वेगळी लिहिलेलं, "मोटारहोम काम एकूण" असं एका ओळीचं बिल घेऊ नका. एसी, फ्रिज, इन्व्हर्टर, बॅटरीचे सिरीयल नंबर आणि त्यांचे फोटो. वायरिंगचा नकाशा. वजनकाट्याची पावती. सेल्समनने तोंडी जे सांगितलं ते घरी येऊन त्याला व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा, "आज तुम्ही असं सांगितलं, बरोबर ना?" त्याने हो म्हटलं की तो मेसेज जपून ठेवा.

१०. माझं मत

गाडी जास्त चालणार, वर्षाला पंधरा-वीस हजार, वर्कशॉप जवळ, वॉरंटी खुद्द कंपनीची आणि मेकॅनिकने सांगितलेले पार्ट यादीत, तर घ्या. माझ्यासारखी गाडी कमी चालणारी आणि वर्कशॉप लांब असेल तर तेवढेच पैसे वेगळ्या खात्यात टाका, कारण मोटारहोममध्ये घराचा भाग जास्त बिघडतो आणि त्याला ही वॉरंटी शिवतही नाही. माझ्या गाडीत आजवर आठ वेळा काम निघालं, त्यातलं वॉरंटीत बसलं एकच, तो स्टार्टर. बाकी पंप, सिलंट, एसी, बाथरूमचा व्हॉल्व्ह, बेडचं बिजागर, उंदराचं वायरिंग आणि घराची बॅटरी. लेड-अॅसिड बॅटरी तर आपल्या उन्हात लवकरच मान टाकते, आणि तिच्या वॉरंटीत वर्षं सरतील तसा परतावा कमी होत जातो तेही बघून घ्या. पुढची गाडी घेतली तर मी एक्स्टेंडेड घेणार नाही, पण बिल्डरकडून छत आणि पाण्याच्या कामाची दोन वर्षांची हमी लिहून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देणार नाही.

११. क्लेम नाकारला तर

तोंडी नकार घेऊ नका. कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा, ईमेल चालतो. खराब पार्ट फेकू देऊ नका, फोटो काढून तो परत मागा. कागद बघून तुमचं बरोबर वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करून तक्रार नोंदवा, मराठीतही बोलता येते. त्याने सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे शोरूम पुण्याचं असलं तरी आपल्याला यवतमाळला बसून लढता येते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत पाहिजे. फक्त नफ्याच्या धंद्यासाठी गाडी घेणाऱ्याला या कायद्यात ग्राहक मानत नाहीत, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर मानतात, म्हणून भाड्याने देणाऱ्यांनी तक्रार लिहितानाच ते स्पष्ट मांडा आणि वॉरंटीचं पुस्तक, नकाराचा ईमेल, सर्व्हिसची बिलं सोबत जोडा.